केदारची वाट आणि नाथांची कावड

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)



दरवर्षी महाशिवरात्रीच्या दिवशी उत्तराखंडातील ऊखीमठ या लहानशा गावी, ओंकारेश्वराच्या मंदिरात पंचांग उघडले जाते आणि केदारनाथाची द्वारे कोणत्या दिवशी व कोणत्या मुहूर्तावर उघडणार, हे जाहीर होते. त्या घोषणेबरोबर साऱ्या देशात एक हालचाल सुरू होते. महाराष्ट्रातही होते. पुण्या-नाशिकच्या, लातूर-जळगावच्या घरांतून रजेचे अर्ज लिहिले जातात, रेल्वेची आरक्षणे शोधली जातात, यात्रा कंपन्यांच्या कार्यालयांत नावे नोंदवली जातात. ‘एकदा केदार झाला की आता काही मागणे उरले नाही,’ असे घरातील वडीलधारी माणसे म्हणू लागतात आणि मुलेसुना नकाशा पाहू लागतात.

ही हालचाल चालू असताना ऊखीमठात आणखी एक तयारी होत असते, ती फार थोड्यांच्या लक्षात येते. देव स्वतः प्रवासाला निघण्याची तयारी करीत असतो.

हिवाळ्यात केदारपुरी बर्फाखाली जाते. भाऊबीजेला मंदिराची द्वारे बंद होतात आणि केदारनाथांची पंचमुखी उत्सवमूर्ती डोलीतून खाली ऊखीमठाला येते. सहा महिने तिची पूजा तेथेच होते. द्वारे उघडण्याचा दिवस जवळ आला की ती डोली पुन्हा वर निघते. डोंगरातील माणसे ती खांद्यावर घेतात. पहिला मुक्काम गुप्तकाशीला, नंतर फाट्याला, नंतर गौरीकुंडाला आणि त्यानंतर केदारपुरीला, असा तिचा क्रम आहे. वाटेतील गावे आरती घेऊन रस्त्यावर येतात. लेकी माहेरी येतात. ढोल आणि दमाऊ वाजतात.

श्रोतेहो, देवालाही आपल्या घरी पोहोचायला चार दिवस लागतात. तो वाटेवर मुक्काम करतो, वाटेवरच्या माणसांना भेटतो, आणि मग सिंहासनावर बसतो. भक्त मात्र फाट्याच्या तळावरून हेलिकॉप्टरमध्ये बसतो आणि काही मिनिटांत वर उतरतो. देव चालतो आणि भक्त उडतो, असे हे आजचे चित्र आहे. या चित्राकडे केवळ विनोद म्हणून पाहून चालणार नाही. कारण यात्रा म्हणजे नेमके काय, तिचे पुण्य कोठे मिळते आणि कोठे हरवते, हा प्रश्न त्यात दडलेला आहे.

वाट हेच तीर्थ

‘तीर्थ’ या शब्दाचा मूळ अर्थ उतार. नदी जेथून ओलांडता येते ती जागा. म्हणजे या शब्दातच चालणे आहे, पाण्यात पाय घालणे आहे, एका काठावरून दुसऱ्या काठाला जाणे आहे. एका जागी उभे राहून तीर्थ घडत नाही. आपल्या पूर्वजांनी हे फार नेमके ओळखले होते.

महाराष्ट्रात काशीयात्रेला निघालेला माणूस घरच्यांचा निरोप परत येणार नाही असे समजूनच घेत असे. वर्ष-दोन वर्षे तो बाहेर असे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडावे, या हेतूने. नेमके त्याच वर्षी स्वातंत्र्यसमराचा वणवा पेटला. झाशीचा वेढा त्यांनी प्रत्यक्ष अनुभवला, लुटीत जवळचे सर्व काही गेले. पण काशीची गंगा कावडीत भरून ती त्यांनी वरसईपर्यंत आणली आणि त्या जलाने आईवडिलांना स्नान घातले. ‘माझा प्रवास’ हे त्यांचे पुस्तक इतिहासाचे साधन म्हणून वाचले जाते. वस्तुतः ती एका कावडीचीही कथा आहे. पैसा गेला, पाणी राहिले.

अशी यात्रा पुरी करून माणूस परतला की गंगापूजन होई, मावंदे घातले जाई. मावंदे म्हणजे केवळ जेवणावळ नव्हे. वाटेवर ज्या अनोळखी माणसांनी अन्न दिले, आसरा दिला, त्यांचे ऋण परत जाऊन फेडणे शक्य नसते. म्हणून ते गावातल्या माणसांना जेवू घालून फेडायचे, असा त्यामागील भाव आहे.

काशीची गंगा रामेश्वराला न्यायची आणि सेतूची वाळू प्रयागच्या संगमात आणून सोडायची, हाही आपल्या परंपरेतील एक विलक्षण संकेत. एका यात्रेने देशाची दोन टोके जोडली जात. केदारनाथी तर हे जोडणे प्रत्यक्ष माणसांच्या रूपाने उभे आहे. हिमालयातील या मंदिराचे रावळ कर्नाटकाच्या वीरशैव परंपरेतील असतात आणि त्यांच्या आज्ञेने पूजा करणारे पुजारीही त्याच परंपरेतून येतात. शेजारच्या बदरीनाथाचे रावळ केरळातील नंबुद्री. दक्षिणेच्या उष्ण प्रदेशातील माणसाने हिमालयाच्या थंडीत देवाची सेवा करावी, अशी योजना ज्यांनी केली, त्यांना हा देश पायांनी ठाऊक होता.

धर्मशाळा बांधणारे हात

वाट हेच तीर्थ म्हटल्यावर वाट नीट राखणे हीसुद्धा पूजाच ठरते. या पूजेचा आदर्श महाराष्ट्राला दूर शोधायला नको. चौंडीला जन्मलेल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांनी काशी विश्वनाथाचे मंदिर उभारले, सोमनाथाला नवे मंदिर बांधले, हे सर्वांना ठाऊक असते. तथापि त्यांच्या कार्याची यादी वाचताना मंदिरांपेक्षाही अधिक नजरेत भरतात ते घाट, विहिरी, कुंडे, अन्नछत्रे आणि धर्मशाळा. केदारनाथीही त्यांनी धर्मशाळा आणि कुंड बांधले. देवाला देऊळ पुरते; पण देवाकडे येणाऱ्या दमलेल्या माणसाला पाणी लागते, छप्पर लागते, हे त्या माउलीने जाणले होते.

पुढे एकोणिसाव्या शतकात ‘काली कमलीवाले बाबा’ या नावाने ओळखले जाणारे स्वामी विशुद्धानंद यांनी ऋषिकेशहून चारी धामांच्या वाटेवर चट्ट्यांमध्ये धर्मशाळा आणि सदावर्ते उभी केली. अंगावर एक काळे कांबळे, एवढीच त्यांची मालमत्ता. स्वतः यात्रा करताना अन्नपाण्यावाचून यात्रेकरूंचे होणारे हाल त्यांनी पाहिले आणि मिळालेला प्रत्येक पैसा वाटेवर खर्च केला. चट्टी म्हणजे मुक्कामाचे ठिकाण. दिवसभर चालायचे, चट्टीवर शिधा घ्यायचा, चूल मांडायची, झोपायचे आणि पहाटे पुन्हा निघायचे. या क्रमात शरीर हळूहळू उंचीला सरावत असे. आज ज्याला डॉक्टर उंचीशी जुळवून घेणे म्हणतात, ते चट्टीच्या मुक्कामात आपोआप घडत होते.

नाथांनी कावड कोठे रिती केली?

आता पैठणच्या एकनाथ महाराजांची ती गोष्ट. प्रत्येक मराठी मुलाने ती शाळेत ऐकलेली असते आणि बहुतेक प्रौढांनी ती मुलांची गोष्ट म्हणून बाजूला ठेवलेली असते.

काशीची गंगा कावडीत भरून नाथ रामेश्वराकडे निघाले होते. शेकडो कोसांची वाट तुडवून झाली होती. वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव तहानेने तडफडत पडलेले दिसले. बरोबरीचे यात्रेकरू हळहळले आणि पुढे निघाले. कारण कावडीतले पाणी रामेश्वराचे होते. नाथ थांबले आणि त्यांनी ती कावड गाढवाच्या तोंडी लावली. सोबती चरकले. आता देवाला काय वाहणार, हा त्यांचा प्रश्न होता. नाथांच्या दृष्टीने तो प्रश्नच उरला नव्हता. रामेश्वर अर्ध्या वाटेवर येऊन आपला अभिषेक घेऊन गेला, असे त्यांना वाटले.

या कथेत नाथांनी यात्रा मोडली असे कोणी म्हणत नाही. उलट त्या साऱ्या मेळ्यात यात्रा पुरी झाली ती त्यांची एकट्याची, असेच परंपरा मानते. ही कथा भूतदयेची आहे, हे तर खरेच. पण तिच्यात यात्रेचे एक शास्त्रही सांगितले आहे. देव मंदिरात भेटतोच. तथापि त्यापूर्वी तो वाटेवर एकदा समोर येतो, आणि त्या वेळी तो देवासारखा दिसत नाही.

ही गोष्ट मनात ठेवून आता गौरीकुंडाला जाऊ.

चढावर भेटणारे गाढव

गौरीकुंड समुद्रसपाटीपासून सुमारे १,९८० मीटर उंचीवर आहे आणि केदारनाथ ३,५८३ मीटरवर. म्हणजे मोटारीचा रस्ता संपल्यावर यात्रेकरूला सुमारे १,६०० मीटरचा उभा चढ चढायचा असतो. पूर्वी ही वाट १४ किलोमीटरांची होती. आता ती १६ किलोमीटरांहून अधिक आहे. जंगलचट्टी, भीमबळी, रामबाडा, लिनचोली अशी तिच्यावरील ठिकाणे. एका अंगाला मंदाकिनीची घळ, दुसऱ्या अंगाला कडा, आणि मधल्या अरुंद फरसबंद वाटेवर पायी चालणारे, डोलीत बसलेले, कंडीत बसलेले, खेचरावर बसलेले, सारे एकाच वेळी.

कंडी म्हणजे पाठीवरची वेताची टोपली. तीत बसलेल्या माणसाला एक हमाल आपल्या कपाळावरच्या व खांद्यावरच्या पट्ट्याच्या आधाराने वर नेतो. दांडी चौघे जण खांद्यावर वाहतात. हे काम करणाऱ्यांत नेपाळहून आलेली माणसे पुष्कळ आहेत. मोसमाचे काही महिने राबून वर्षाची मिळकत घरी न्यायची, हे त्यांचे गणित असते. दर ठरलेला असतानाही त्याच्याशी अर्धा तास घासाघीस करणारा यात्रेकरू वर गेल्यावर अभिषेकासाठी हजारोंची पावती निमूट फाडतो. असे करणारी माणसे वाईट नसतात. फक्त पुण्य वर आहे आणि खाली केवळ व्यवहार आहे, असे त्यांच्या मनाने धरलेले असते.

आणि खेचर. नाथांच्या वाटेवर एक गाढव होते. केदारच्या वाटेवर मोसमात हजारो घोडी-खेचरे असतात. पाठीवर कधी माणूस, कधी गॅसचे सिलिंडर, कधी बाटलीबंद पाण्याची खोकी. २०२२ च्या मोसमात पहिल्या काही आठवड्यांतच मोठ्या संख्येने जनावरे दगावली. दिवसाला एकाहून अधिक फेऱ्या, अपुरी विश्रांती, बर्फगार पाणी आणि कोरडा चारा ही त्याची कारणे पुढे आली. प्रकरण उत्तराखंडच्या उच्च न्यायालयात गेले. नंतर फेऱ्यांवर मर्यादा, रात्री जनावर न चालवणे, वाटेवर कोमट पाण्याची सोय, पशुवैद्यांची पथके अशी पावले उचलली गेली.

नियम झाले हे चांगलेच. पण प्रत्येक वळणावर शिपाई उभा करता येत नाही. खेचर लंगडत असेल तर उतरायचे की नाही, हे पाठीवर बसलेल्यानेच ठरवायचे असते. ‘पैसे मोजले आहेत’ असे तो म्हणू शकतो. कावडीचे पाणीही श्रमानेच मिळवलेले होते. नाथांच्या सोबत्यांकडेही न थांबण्याला सबळ कारण होते.

१६ आणि १७ जून २०१३

हिमालयातील यात्रेविषयी बोलताना २०१३ चा जून टाळता येत नाही, आणि टाळूही नये.

त्या वर्षी पाऊस नेहमीपेक्षा लवकर आणि अतोनात आला. १६ जूनच्या संध्याकाळी मंदाकिनी आणि सरस्वती यांचे लोंढे केदारपुरीत शिरले. १७ जूनच्या सकाळी मंदिराच्या वरच्या अंगाचा चोराबारी ताल फुटला आणि पाणी, गाळ व प्रचंड शिळा यांचा एकच लोट खाली आला. मंदिराच्या मागे एक भली थोरली शिळा येऊन थबकली, तिने प्रवाह दोन बाजूंना फोडला आणि मंदिर उभे राहिले. आज लोक तिला भीमशिळा म्हणतात आणि तिची पूजा करतात. भोवतालची घरे, दुकाने, धर्मशाळा मात्र राहिल्या नाहीत. मंदिरामागील आद्य शंकराचार्यांचे समाधिस्थळही गेले. वाटेवरचा रामबाडा तर नकाशावरून पुसला गेला. राज्यभरात मृत आणि बेपत्ता यांची संख्या चार हजारांहून अधिक होती. महाराष्ट्रातील कितीतरी घरांत त्या वर्षीचे मावंदे झालेच नाही.

लष्कर, हवाई दल, सीमेवरील पोलीस दले आणि डोंगरातील गावकरी यांनी मिळून एक लाखाहून अधिक लोकांना सुखरूप बाहेर काढले. २५ जूनला गौरीकुंडाजवळ हवाई दलाचे एक हेलिकॉप्टर कोसळले आणि त्यातील २० जणांना वीरमरण आले. दुसऱ्याच्या यात्रेसाठी त्यांनी आपले प्राण दिले. ११ सप्टेंबर २०१३ रोजी मंदिरात पुन्हा पूजा सुरू झाली. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या पथकांनी मंदाकिनीच्या पलीकडल्या अंगाने नवी वाट काढली, आणि मोडलेली यात्रा पुढच्या वर्षी पुन्हा उभी राहिली. २०१४ मध्ये जेमतेम ४० हजार यात्रेकरू पोहोचले, पण पोहोचले.

या आपत्तीची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. गुप्तकाशी-ऊखीमठ परिसरातील गावांचा सारा संसार यात्रेवर चालतो. पुरोहित, दुकानदार, खेचरवाले, डोलीवाले असे त्या गावांतले कर्ते पुरुष आणि सुट्टीत हाताशी आलेली शाळकरी मुले त्या दोन दिवशी वरच होती. काही गावांत तर घरामागून घरातला पुरुष गेला. यात्रेकरू वर्षातून एकदा येतो. डोंगरातला माणूस तेथेच राहतो, आणि वाटेची किंमत सर्वांत आधी तो मोजतो.

‘देवाने आपले मंदिर राखले’ असे श्रद्धाळू मन म्हणते, आणि ते म्हणणे समजण्यासारखे आहे. पण त्या श्रद्धेतून निष्काळजीपणा मात्र निघू नये. मंदिर देवाने राखले असेल. यात्रेकरूला राखण्याचे काम त्याने माणसांवर सोपवले आहे.

आकड्यांचा चढ

२०१४ च्या ४० हजारांवरून २०१९ मध्ये संख्या सुमारे १० लाखांवर गेली. २०२३ मध्ये ती १९ लाखांच्या पुढे होती. द्वारे उघडी असतात जेमतेम सहा महिने. त्यातलेही पावसाचे दिवस वगळले तर खरी यात्रा काही आठवड्यांत दाटते. इस्रोने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भूस्खलनांच्या नकाशासंग्रहात देशातील १४७ जिल्ह्यांत पहिला क्रमांक आहे तो केदारनाथ ज्या जिल्ह्यात आहे, त्या रुद्रप्रयागचा. केदारपुरी ज्या भूमीवर वसली आहे, ती हिमनदीने आणून टाकलेल्या दगडगोट्यांची आहे. ३१ जुलै २०२४ च्या रात्री ढगफुटीने वाट पुन्हा अनेक ठिकाणी तुटली आणि हजारो यात्रेकरूंना वाटेवरून सोडवावे लागले.

हेलिकॉप्टरांचेही तसेच. अरुंद दरी, क्षणात उतरणारे धुके आणि फेऱ्यांची घाई. १८ ऑक्टोबर २०२२ ला सात आणि १५ जून २०२५ ला पुन्हा सात जीव गेले. त्यांत वैमानिक होते, यात्रेकरू होते, एक लहान बालकही होते.

याचा अर्थ वृद्धांनी, आजाऱ्यांनी केदारला जाऊ नये असा मुळीच नाही. ज्याचे गुडघे चालत नाहीत, त्याचा देवावरचा हक्क कमी होत नाही. सोनप्रयागहून केदारनाथपर्यंतच्या १२.९ किलोमीटरांच्या रज्जुमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २०२५ मध्ये मान्यता दिली. आठ-नऊ तासांचा प्रवास त्याने सुमारे ३६ मिनिटांवर येईल आणि दिवसाला १८ हजार प्रवासी नेता येतील, असे त्याचे नियोजन आहे. खेचरांच्या पाठीवरचा भार त्याने हलका होऊ शकतो, वृद्धांची सोय होईल, हे स्वागतार्हच आहे. पण २०२२ मध्ये राज्य सरकारने केदारसाठी दिवसाला १२ हजारांची मर्यादा घातली होती, तीही उगीच नव्हे. साधन कितीही वेगवान झाले तरी वरची दरी तेवढीच राहते. वाट जेव्हा कठीण होती, तेव्हा वाटच गर्दीला आवरत होती. वाट सोपी झाली की ते आवरण्याचे काम माणसाच्या संयमाने करावे लागते. हा संयम सरकारी आदेशाने पुरता येत नाही. तो यात्रेकरूच्या संस्कारातून यावा लागतो.

आधी शिदोरी, मग जेजुरी

हा संस्कार म्हणजे प्रत्यक्षात काय? आपली जुनी म्हण आहे, आधी शिदोरी मग जेजुरी. केदारची शिदोरी कशी बांधावी, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने निघण्यापूर्वी करायला हवा.

पहिली शिदोरी शरीराची. मुंबईचा माणूस समुद्राकाठून निघतो आणि तिसऱ्या दिवशी साडेतीन हजार मीटरवर पोहोचतो. साधारण अडीच हजार मीटरच्या वर हवेतील प्राणवायू विरळ झाल्याचे शरीर सांगू लागते. डोकेदुखी, मळमळ, धाप ही त्याची भाषा. ती अपशकुनाची नाही, तशीच ‘बाबा पाहून घेईल’ म्हणून दुर्लक्षिण्याचीही नाही. लक्षणे वाढली तर खाली उतरणे हाच खरा उपाय. निघण्यापूर्वी महिना-दीड महिना रोज चालण्याचा सराव, हृदयविकार व रक्तदाब असणाऱ्यांनी वैद्यकीय तपासणी, आणि गुप्तकाशीसारख्या ठिकाणी एक-दोन रात्रींचा मुक्काम ही चट्टीची जुनी शिकवण पुन्हा अंगी बाणवावी. तो मुक्काम वायाही जात नाही. गुप्तकाशीला विश्वनाथ आहे, समोरच्या डोंगरावर ऊखीमठ आहे, शिवपार्वतीचा विवाह जेथे झाला असे मानतात ते त्रियुगीनारायण जवळच आहे.

दुसरी शिदोरी वेळेची. पहाटे निघावे, अंधारापूर्वी मुक्कामी पोहोचावे, आणि हवामानाचा इशारा आला तर थांबावे. परतीचे आरक्षण हातात असले की माणूस थांबत नाही. यासाठी दोन दिवस राखून ठेवावेत. पांडवांच्या कथेतही केदार लगेच भेटला नाही. युद्धातील कुलहत्येचे पाप धुण्यासाठी ते शंकराला शोधत आले आणि शंकर वृषभाचे रूप घेऊन त्यांना टाळत राहिला. ज्याला दर्शनाची घाई आहे, त्याने ही कथा आठवावी.

तिसरी शिदोरी मर्यादेची. प्लास्टिकची बाटली मंदाकिनीत फेकून वर गंगाधराला जल वाहण्यात काय अर्थ आहे? बाटलीवर अनामत रक्कम घेऊन ती रिकामी परत केल्यावर पैसे देण्याची योजना तेथे २०२२ पासून राबवली गेली. तिचा उपयोग करावा. मंदिर परिसरात मोबाइलवर छायाचित्रण करण्यास मंदिर समितीने २०२३ मध्ये मनाई केली. अशी मनाई करावी लागली, याचा विचार यात्रेकरूंनीच करायचा आहे. गाभाऱ्यातील ते स्वयंभू, त्रिकोणी शिळारूप लिंग. त्याला भक्ताने स्वतःच्या हाताने तूप माखावे, अशी तेथील रीत. देव जेथे इतका हाताशी येतो, तेथे हातात आणखी काय धरायचे?

आणि चौथी शिदोरी माणुसकीची. कंडीवाल्याला ठरलेला दर पुरता द्यावा, वाटेत त्याच्यासाठीही चहा घ्यावा. खेचर निवडताना त्याच्या पायांकडे आणि पाठीकडे पाहावे. तीर्थपुरोहिताकडे वेळ काढून बसावे. हरिद्वारला आणि केदारखंडात पुरोहितांच्या वह्यांतून घराण्यांच्या नोंदी जपल्या आहेत. तेथे कधी आजोबांची मोडीतली सही निघते, तर कधी पणजोबांच्या गावाचे नाव. नातवाला ती सही दाखवणे हेही दर्शनच. त्या सहीखाली आपले नाव लिहिताना, हा माणूस येथवर कसा आला असेल, असा प्रश्न त्याच्या मनात आला तर त्याची यात्रा सुरू झाली असे समजावे.

परतीची डोली

भाऊबीजेला द्वारे बंद होतात. पंचमुखी मूर्ती पुन्हा डोलीत बसते आणि डोंगर उतरू लागते. वर बर्फ पडू लागते. हेलिकॉप्टरांचा आवाज थांबलेला असतो, खेचरे खालच्या कुरणांत गेलेली असतात, कंडीवाले नेपाळच्या वाटेला लागलेले असतात. गर्भगृहात लावलेला दीप सहा महिने तेवत राहतो, अशी तेथील श्रद्धा आहे. माणूस नसताना, गर्दी नसताना, बर्फाच्या त्या शांततेत केदार आपल्या मूळ रूपात असतो.

त्याच सुमारास महाराष्ट्रातल्या एखाद्या घरात गंगाजलाच्या गडूची पूजा होते, पंक्ती बसतात, प्रसाद वाटला जातो. पाहुणे विचारतात, ‘दर्शन चांगले झाले ना?’ या प्रश्नाला बहुतेक वेळा रांगेचे तास आणि गाभाऱ्यातील सेकंद यांच्या हिशेबाने उत्तर दिले जाते. पण त्या घरातील एखादी आजी जर असे सांगू शकली, की चढावर एका खेचराचा पाय मुरगळला, तेव्हा नातू खाली उतरला, त्याने खेचरवाल्याचे पैसे पुरते दिले, पाण्याची बादली आणली आणि उरलेली वाट तो तिचा हात धरून हळूहळू चालला; वर पोहोचेपर्यंत रात्र झाली आणि दर्शन दुसऱ्या दिवशी लांबूनच मिळाले, तर त्या घराने निश्चिंत मनाने मावंदे घालावे.

त्यांची कावड योग्य ठिकाणी रिती झाली आहे.